फिकट निळं

सकाळी साडेसातला अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जायचं, पिंजऱ्यातला उंदीर शेपटीच्या मुळाशी धरून अलगद उचलायचा आणि शेपूट ताठ राहते की दोरीसारखी लोंबते ते बघायचं. ताठ असेल तर वहीत शून्य. लुळी असेल तर एक. मागचे पाय अडखळत असतील तर दोन, दोन्ही मागचे पाय फरपटत असतील तर तीन. चारला पुढचे पायही दुबळे होतात आणि पाच म्हणजे शेवट. तिथपर्यंत आम्ही जाऊ देत नव्हतो. प्राणी-नीतिसमितीचा नियम कडक होता आणि तो असायलाच हवा.

माझ्या पीएचडीची पहिली तीन वर्षं या शून्य ते पाचमध्ये गेली. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, या आजारावर मी २००८ पासून काम करते आहे. हे काम नेमकं कसं असतं असं कोणी विचारलं की मला आधी ती शेपूट आठवते.

एमएस मी ठरवून निवडला नव्हता. मला स्मरणशक्तीवर काम करायचं होतं. एमएस्सी झाली, नेटची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, चार ठिकाणी मुलाखती दिल्या. जिथे निवड झाली त्या परळच्या प्रयोगशाळेत रोगप्रतिकारशक्तीवर काम चालायचं. तिथल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ‘मेंदू हवा आहे ना तुला? मग हा आजार घे. यात मेंदूही आहे आणि प्रतिकारशक्तीही.’ मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर आणखी एक वर्ष घरी बसावं लागलं असतं. घरातला कोणी आजारी होता म्हणून मी या वाटेला आले, असं लोकांना वाटतं. तसं काही नव्हतं. एमएस झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते उंदरांबरोबर चार वर्षं काढल्यावर, आणि याची खंत मला अजून आहे.

या आजारात आपलीच प्रतिकारयंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर तुटून पडते. जिथे आवरण जातं तिथे चट्टे पडतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या चट्ट्यांवरूनच हा आजार वेगळा ओळखून त्याचं सविस्तर वर्णन केलं. डोळ्यांपुढे धुकं, पायांना मुंग्या, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, न संपणारा थकवा: चट्टा कुठे पडला त्यावर हे सगळं ठरतं. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त.

आमच्या डोंबिवलीच्या घरी हे समजावून सांगणं ही माझी पहिली खरी तोंडी परीक्षा. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं: ‘बाबा, वायरवर प्लास्टिकचं वेष्टण असतं ना, तसं हे मायलिन. ते गेलं की करंट नीट जात नाही.’

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘अगं, वेष्टण गेलं तर शॉर्ट होईल. करंट सावकाश जायला लागला असं मी तरी नोकरीत कधी पाहिलं नाही. तू सांगतेस त्यात काहीतरी राहून जातंय.’

राहूनच जात होतं. पाठ्यपुस्तकातली उपमा मी न तपासता उचलली होती. आठवडाभर पुन्हा वाचत बसले. चेतातंतूतला संदेश तारेतल्या विजेसारखा सरळ वाहत जात नाही. मायलिनच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक उघड्या जागा असतात, फ्रेंच शास्त्रज्ञ रान्व्हिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. सोडियमचे विद्युतभारित कण तंतूच्या आत सोडणारी बारीक दारं त्याच जागी दाटीने असतात. संदेश तिथे नव्याने उठतो आणि पुढच्या जागेकडे झेप घेतो. म्हणून मायलिन असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, आणि मायलिन मुळातच नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. मायलिन गळून पडलं की झेप घेता येत नाही. उघड्या पडलेल्या भागात सोडियमची दारं फारशी नसतातच, म्हणून संदेश वाटेतच विरतो.

पुढच्या रविवारी हे सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे फास्ट लोकल. डोंबिवली सुटली की ठाणं, घाटकोपर, कुर्ला, दादर. आणि तुझ्या पेशंटची फास्ट गाडी स्लो ट्रॅकवर टाकलेली.’

‘किंवा दोन स्टेशनांच्या मध्येच उभी राहिलेली,’ मी म्हटलं.

ही उपमा मी आजही विद्यार्थ्यांना सांगते, बाबांच्या नावासकट.

उंदरांना एमएस आपोआप होत नाही, त्यांच्यात त्याच्यासारखा आजार घडवावा लागतो. मायलिनमधल्या एमओजी या प्रथिनाचा २१ अमिनो आम्लांचा तुकडा घ्यायचा, मारलेले क्षयाचे जंतू घातलेल्या तेलात तो घोटायचा आणि कातडीखाली टोचायचा. त्याच दिवशी आणि दोन दिवसांनी पुन्हा डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष द्यायचं. प्रतिकारयंत्रणा चिडते आणि साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसात शेपूट पडते. सगळं अवलंबून असतं घोटण्यावर. दोन काचेच्या सिरिंज बारीक नळीने जोडायच्या आणि मिश्रण इकडून तिकडे ढकलत राहायचं, श्रीखंडासारखं घट्ट होईपर्यंत. अंगठे सुजतात. माझ्या पहिल्या तीन खेपा पूर्ण वाया गेल्या. एकही उंदीर आजारी पडला नाही. तीन महिने वहीत शून्यांखेरीज काही नव्हतं. शेवटी मॅडमनी मला पेलाभर पाणी आणायला सांगितलं आणि माझ्या मिश्रणाचा एक थेंब त्यावर टाकला. थेंब पसरला. तो गोळीसारखा तसाच राहायला हवा होता. ‘अर्धा तास आणखी घोट,’ एवढंच त्या म्हणाल्या.

चौथ्या खेपेला, अकराव्या दिवशी, तीन उंदरांच्या शेपट्या पडल्या. मी आनंदाने टाळी वाजवली. पिंजरे सांभाळणारे काका शेजारी उभे होते. ‘ताई, आजारी पडला म्हणून हसताय?’ त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. काकांनी मात्र दाणे पाण्यात भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवले, कारण मागचे पाय गेले की उंदराला वर टांगलेल्या खाद्यापर्यंत पोचता येत नाही. हे मला कोणत्याही पेपरात वाचायला मिळालं नव्हतं. काकांकडून शिकले. त्या दिवसापासून नोंद करताना मी टाळी कधी वाजवली नाही.

आजाराला सुट्टी नसते, तशी नोंदीलाही नाही. एका वर्षी बारावा दिवस नेमका अनंत चतुर्दशीला आला. लालबाग-परळचे रस्ते बंद. दादरला उतरून गर्दीतून चालत गेले, गुलालाने माखलेल्या कपड्यांनीच दारापर्यंत पोचले आणि तिथे अंगावरचं सगळं बदलून आत शिरले. बाहेर ढोल-ताशे चालू होते. आवाजाने उंदीर बिचकतील आणि आकडे बिघडतील अशी भीती वाटत होती. पुढच्या वर्षीपासून टोचण्याची तारीख ठरवताना मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघायला लागले.

उंदरातून माणसाकडे जाणारा रस्ता सरळ नाही, हे मला हळूहळू कळलं. नॅटालिझुमॅब हे औषध याच उंदीर-घुशींच्या प्रयोगांतून आलं. प्रतिकारपेशींना रक्तातून मेंदूत शिरू न देण्याची कल्पना १९९२ मध्ये प्राण्यांत यशस्वी झाली आणि २००४ मध्ये औषध बाजारात आलं. पण याच प्राण्यांत टीएनएफ नावाचा रेणू अडवला की आजार हटायचा. तोच उपाय माणसांवर केला तेव्हा रुग्णांचे झटके उलट वाढले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये छापले गेले. मी ते दोन्ही पेपर एकाच फाइलमध्ये ठेवले होते.

२०१२ मध्ये रक्ताचे नमुने हवे होते, म्हणून एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात मी दर गुरुवारी बसायला लागले. मुंबईला या आजाराच्या भारतातल्या इतिहासात जागा आहे. हा गोऱ्या लोकांचा, थंड देशांचा आजार, असं फार काळ मानलं जायचं. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की मुंबईच्या पारशी समाजात तो लाखात २६ जणांना आहे, भारतातल्या इतरांच्या तेव्हाच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त. शहर एकच, हवा एकच, पाणी एकच. मग फरक कशाचा? हा प्रश्न मला तेव्हाही झोपू द्यायचा नाही. आणखी एक गुंता होता. डोळे आणि मज्जारज्जू यांवरच घाला घालणारा, एमएससारखा दिसणारा दुसरा आजार आहे, एनएमओ. त्याची ओळख पटवणारी अँटिबॉडी, म्हणजे रक्तातलं प्रतिपिंड, २००४ मध्ये सापडली. तोपर्यंत आशियातल्या कित्येक रुग्णांवर एमएसचंच लेबल लागलं होतं, आणि एमएसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन हे औषध एनएमओमध्ये अपाय करू शकतं. नमुन्यावर नाव लिहिण्याआधी हे तपासणं म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांची राखण होती.

तिथे मला त्या बाई भेटल्या. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या, राहायच्या कांदिवलीला, शाळा गिरगावात. एकोणतिसाव्या वर्षी डावा डोळा धूसर झाला. एका दवाखान्यात सांगितलं, टेन्शन आहे. डोळा थोडा सुधारला, विषय संपला. दीड वर्षाने कमरेखाली बधिरपणा आला तेव्हा एमआरआय झाला आणि चट्टे दिसले. त्या दीड वर्षाबद्दल त्या कधी रागावून बोलल्या नाहीत. मी मात्र अजून रागावते.

त्यांनी मला विचारलं, ‘ताई, तुम्ही यातलं शिकताय ना? मग सांगा, गरम पाण्याने आंघोळ केली की डोळ्यापुढे धुकं का येतं? मे महिन्यात दुपारच्या गाडीने आले तर चर्नी रोडचा जिना चढता येत नाही. गार पंख्याखाली अर्धा तास बसले की पाय परत माझे होतात.’

उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हेच लिहून ठेवलं आहे. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पुरतं. उष्णतेने सोडियमची दारं लवकर मिटतात, संदेश तोकडा होतो. धडधाकट तंतूला त्याने काही होत नाही, पण मायलिन गमावलेल्या तंतूत जेमतेम पोचणारा संदेश तिथेच थांबतो. नवा चट्टा नसतो, नवी इजा नसते. मी हे त्यांना सांगितलं. ‘म्हणजे उन्हाने माझं आणखी काही बिघडत नाही?’ त्यांनी दोनदा विचारलं. नाही, म्हटलं. त्या रडल्या. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की प्रत्येक उन्हाळा त्यांच्या मेंदूचा एकेक तुकडा कायमचा नेतो. चार वर्षांत माझ्या ज्ञानाचा कुणाला झालेला तो पहिला उपयोग. पुढे २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली तेव्हा त्यांचा फोन आला: ‘माझं औषध सुरू झालं बघा.’

त्याच पहिल्या दिवशी निघताना त्या आणखी एक विचारून गेल्या होत्या. ‘गेलेलं परत येतं का?’

माझा प्रबंध हल्ला कसा सुरू होतो यावर होता. हल्ला थांबवणारी औषधं १९९३ पासून येत होती आणि दर काही वर्षांनी चांगली होत होती. गेलेलं परत येतं का, यावर मात्र माझ्या चार वर्षांच्या वह्यांत एक ओळ नव्हती. घरी येताना गाडीत मी ठरवलं की प्रबंध संपला की दुसऱ्या बाजूला जायचं.

ते व्हायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात एकदा सात महिने फेलोशिपचे पैसे आले नाहीत आणि आईने तिच्या पाटल्या मोडण्याची भाषा केली, तेव्हा मी कोचिंग क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवून भागवलं. मग तीन वर्षं परदेशात. तिथल्या थंडीबद्दल आणि एकटेपणाबद्दल खूपजणांनी लिहिलं आहे, मी ते सोडून देते. तिथे मी मायलिन बनवणाऱ्या पेशी बशीत वाढवायला शिकले. ऑलिगोडेंड्रोसाइट असं त्यांचं नाव, स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये दिलेलं. एकेक पेशी हात लांबवून कित्येक तंतूंना एकाच वेळी गुंडाळते. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते बघितलं तेव्हा मी अर्धा तास खुर्चीवरून उठले नाही.

आणि तिथेच कळलं की बाईंच्या प्रश्नाचं उत्तर ‘येतं, पण अडतं’ असं आहे. प्रौढ मेंदूतल्या शंभरातल्या सुमारे पाच पेशी या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी असतात. चट्टा पडला की त्या तिथे धावतात. पुष्कळदा चट्ट्यात त्या हजर असतात, मोजता येतात, पण पिकत नाहीत, मायलिन बनवत नाहीत. वय वाढतं तसं हे अडणं वाढतं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांना एक दिवसाआड उपास घडवला किंवा मेटफॉर्मिन दिलं, तर या पेशी पुन्हा तरुणासारख्या वागू लागतात. मेटफॉर्मिन, म्हणजे आपल्याकडे घरोघरी मधुमेहाची असते ती गोळी!

मी २०१७ मध्ये परतले. त्याच ऑक्टोबरात क्लेमास्टिनचा निकाल आला. सर्दी-ॲलर्जीची जुनी गोळी, कॅलिफोर्नियात ५० रुग्णांवर तपासलेली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लवकर पोचला. डोंबिवलीच्या गाडीत, लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहून मी तो आकडा तीनदा वाचला. हाताला लागणार नाही एवढा तो फरक आहे. गोळी झोप आणते, आणि तिने कोणी उठून चालायला लागलं नाही. तरीही आवरण हरवून कित्येक वर्षं झालेल्या माणसाच्या तंतूत वेग परत आल्याची खूण नियंत्रित चाचणीत दिसली होती. बाईंना फोन केला तेव्हा मी हे सगळं, झोपेसकट, सांगितलं. स्वतःहून गोळी घेऊ नका, हेही. ‘घेत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण वाट आहे ना?’

आपली प्रयोगशाळा उभी करणं हे वेगळंच बाळंतपण. परदेशातून मागवलेली अँटिबॉडी सहारच्या कार्गोत अडकली आणि बर्फ वितळून वाया गेली, असं दोनदा झालं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, ती तारीख मी विसरणार नाही. जनरेटर लागला, पण आमच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरची लाइन त्यावर जोडलेलीच नव्हती. आत आठ वर्षांचे नमुने होते, २०१२ पासूनचे, बाईंचा पहिला नमुनाही त्यात. उणे ऐंशीचं दार उघडलं नाही तर तो बराच वेळ तग धरतो, हे मला माहीत होतं. तरी दोन विद्यार्थी दाराला पाठ लावून बसले, कोणी चुकून उघडू नये म्हणून, आणि मी सुक्या बर्फासाठी फोन करत सुटले. वीज परत आली तेव्हा काटा उणे ६१ वर होता. कोणीच काही बोललं नाही. आम्ही तिघंही जमिनीवर बसून होतो.

२०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष आला: एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. विद्यार्थी नाचले. मला १९९०चा पारशी समाजाचा तो पेपर आठवला. आपल्याकडे हा विषाणू जवळपास सगळ्यांना लहानपणीच गाठतो, आणि आजार फार थोड्यांना होतो. विषाणू ही गरज असेल, पुरेसं कारण नाही. त्या विषयावर काम करायला माझे हात शिवशिवतात, पण मी दुरुस्तीवर थांबायचं ठरवलं आहे.

सध्या आमच्याकडे दीड वर्षाचे म्हातारे उंदीर आहेत. पाच आठवडे खाद्यातून क्युप्रिझोन हे विषारी रसायन द्यायचं, म्हणजे मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या मधल्या पुलावरचं मायलिन जातं. मग ते बंद करायचं आणि बघायचं, परत किती येतं. लक्सॉल फास्ट ब्लू या रंगाने मायलिन निळं होतं आणि गेलेली जागा पांढरट राहते.

गेल्या डिसेंबरात बाई प्रयोगशाळेत आल्या. आता काठी असते हातात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचं नाव आलं, त्यानंतर प्रमाणपत्र मिळालं आणि शाळेने वर्ग तळमजल्यावर दिला. अजून शिकवतात. त्यांना स्लाइड बघायची होती. डावा डोळा त्यांनी हाताने झाकला आणि उजव्याने बघितलं.

‘हे पांढरं, ते माझ्यासारखं?’

‘हो.’

‘आणि कडेला हे फिकट निळं आहे ते?’

मी म्हटलं, ते परत आलेलं. नव्याने चढलेलं मायलिन पहिल्यापेक्षा पातळ असतं, म्हणून रंग फिकट येतो. खात्री करायला आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही बघतो. माणसाच्या मेंदूतही असे फिकट चट्टे सापडतात.

‘हा उंदीर म्हातारा होता ना?’

‘दीड वर्षाचा. आपल्या हिशेबाने पन्नाशीचा.’

त्या नुकत्याच पन्नाशीच्या झाल्या होत्या. काठी टेबलाला टेकवून त्या पुन्हा वाकल्या. स्लाइड कशी सरकवायची ते मी दाखवलं, आणि त्या ती स्वतः सरकवत, फिकट निळ्याची कड शोधत बराच वेळ बघत राहिल्या.